मशीन बरोबर होतं

संक्रांतीनंतरच्या बुधवारी आमच्या लॅबमध्ये नागपूरहून सर्व्हिसचा माणूस आला होता. रक्तातल्या पेशी मोजायचं मशीन दोन दिवसांपासून त्रास देत होतं. मध्येच थांबायचं, नळी तुंबल्याचा संदेश दाखवायचं. सकाळी सातपासून पेशंट बाकांवर बसलेले आणि मी मायक्रोस्कोपला डोळा लावून हातानं मोजणी करत असलेली. चोवीस वर्षांपूर्वी मी या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा असंच मोजायचो.

सर्व्हिसवाले भाऊ पन्नाशीचे, बरीच वर्षं तेच येतात. त्यांनी मशीन उघडलं, धुतलं, आतला एक भाग बदलला आणि अकराच्या सुमारास हात पुसत म्हणाले, "कंपनीनं तपासायला दिलेलं रक्त लावून पाहिलं मॅडम, आकडे एकदम बरोबर. आता एक नॉर्मल ब्लड द्या, म्हणजे मी मोकळा."

नॉर्मल रक्त म्हणजे लॅबमधल्याच कोणाचं तरी. दर वेळी तसंच करतो. मी बाही वर केली. "माझंच घ्या. मी ठणठणीत."

काउंटरवर बसणाऱ्या ताईंनी माझं रक्त काढून दिलं. मशीन मिनिटभर घरघरलं आणि स्क्रीनवर आकडे आले. पांढऱ्या पेशी एक लाख चाळीस हजारांच्या वर. दहा-अकरा हजारांच्या आत असायला हवा तो आकडा.

"हत् तेरी," भाऊ म्हणाले. "अजून गडबड आहे."

त्यांनी पुन्हा नळ्या धुतल्या. पुन्हा माझं रक्त लावलं. तेच. मग ताईंचं रक्त घेतलं, ते सात हजार आलं. पुन्हा माझं. आकडा थोडा इकडेतिकडे, पण तेवढाच. चौथ्यांदा लावायला भाऊंनी ट्यूब हातात घेतली आणि तशीच स्टँडमध्ये परत ठेवली. माझ्याकडे न बघता ते बराच वेळ एक स्क्रू पिळत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, चहा घेता का?"

आयुष्यभर पेशंट मला विचारत आले होते, मशीन चुकू शकते का? मी म्हणायची, चुकू शकतं, म्हणून आम्ही दोनदा लावतो. आज तीनदा लावून झालं होतं. मी चहाला नाही म्हटलं आणि स्लाइड केली.

काचेवर थेंब ठेवला, दुसऱ्या काचेनं ओढला, वाळवला, रंग घातला. रंग चढेपर्यंत दोन शुगरची सँपल लावली. मग स्लाइड धुऊन, तेलाचा थेंब टाकून बघितलं. सगळीकडे पांढऱ्या पेशी, खेटून बसलेल्या. ज्यांनी हाडांच्या आत वाढायचं आणि पिकल्यावरच रक्तात उतरायचं, त्या कच्च्या, अर्ध्याकच्च्या, सगळ्या वयाच्या पेशी बाहेर येऊन बसल्या होत्या. असं चित्र मी वर्षातून एखाद-दोनदा बघते. बघितलं की स्लाइडच्या कोपऱ्यावर लाल पेनानं खूण करते आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या ट्रेमध्ये ठेवते. त्या दिवशीही लाल खूण केली आणि ट्रेमध्ये ठेवली.

त्या वेळी काय वाटलं, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, रंग छान चढलाय.

मॅडम एक वाजता येतात. तोवर मी राहिलेली सगळी सँपल काढली. रोहण्याहून आलेले एक नवरा-बायको होते, त्यांना परतीची बस गाठायची होती, म्हणून त्यांचे रिपोर्ट आधी दिले. बाईनं विचारलं, जेवून यायचं की उपाशी. मी सांगितलं, पुढच्या वेळी उपाशी या. माझा आवाज नेहमीसारखाच होता, कारण बाई नेहमीसारखंच हो म्हणून निघून गेली.

मॅडम आल्या, खुर्चीत बसल्या, ट्रे ओढला. चौथी की पाचवी स्लाइड लावली आणि थांबल्या.

"ही कुणाची गं? नाव नाही घातलंस."

"माझी, मॅडम."

त्या पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकल्या. बघायचं ते बघून झालं होतं, तरी वाकूनच राहिल्या. मग उठल्या आणि मला रक्त काढायच्या खोलीतल्या कॉटवर झोपायला सांगितलं. त्या कॉटवर मी हजारो लोकांना झोपवलंय, स्वतः कधी झोपले नव्हते. वर छताला ओल आलेली होती, ती मला त्या दिवशी दिसली. मॅडमनी डाव्या बरगडीखाली हात ठेवला आणि दाबत दाबत खाली आल्या. पार बेंबीच्या जवळ आल्यावर त्यांचा हात थांबला. प्लीहा तिथपर्यंत वाढली होती.

"जेवण जात होतं का?"

"दोन-तीन महिने नाही जात. मला वाटलं ॲसिडिटी."

"थकवा? रात्रीचा घाम?"

"आहे. मला वाटलं, वय झालं."

मॅडमचे डोळे भरून आले. "रोज माझ्यासमोर बसतेस तू," त्या म्हणाल्या.

मी उठून साडी नीट केली. त्यांना पाणी दिलं. त्यांनी नागपूरच्या रक्ताच्या डॉक्टरांना फोन लावला. पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली. रिपोर्ट मीच टाइप केला. नाव, वय, स्त्री.

घरी मी सांगितलं नाही. लपवलं, असं माझ्या सासरच्या लोकांना वाटतं, पण तसं नव्हतं. दूध आणायचं राहून जावं तसं ते सांगायचं राहून जात होतं. नालवाडीतल्या आमच्या घरात तेव्हा दोन कामं चालली होती. मुलीची बारावी आणि हॉलचा रंग. नवरा आयटीआयमध्ये शिकवतो, तो संध्याकाळी आला की रंगाच्या कंपनीचं ते पानापानांचं पुस्तक घेऊन बसायचा. गुरुवारी मी मुलीच्या परीक्षेच्या फॉर्मवरचा फोटो बदलून आणला. शुक्रवारी आम्ही दोघं रंगाच्या दुकानात गेलो. शनिवारी मी सगळ्यांचे कपडे इस्त्री केले, जे मी कधीच करत नाही. इस्त्री फिरवत असताना बाहीच्या शिवणीत किती टाके आहेत ते मोजत होते.

रविवारी आईकडे गेले. आई हिंगणीला एकटी राहते, स्वतःच्या मर्जीनं. वडील लवकर गेले. आईनं वनखात्याच्या नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरून मला शिकवलं. महिन्यातून एका रविवारी मी बसनं तिच्याकडे जाते, ती चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, करते, मी तिच्या बीपीच्या गोळ्या नेऊन देते. त्या रविवारी मला अर्ध्या भाकरीच्या पुढं जाईना.

"काऊन वं, अर्ध्याच भाकरीवर उठून राह्यली?"

"पोट भरल्यासारखं वाटते, आई."

"दवाखान्यासारख्या ठिकानी कामाले आहे अन् पोटाचं औषध नाई घेत?"

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. "रक्त तपासलं माझं. पांढऱ्या पेशी जास्त निघाल्या."

"मंग? गोळ्या आहेत का त्याच्यावर?"

"आहेत."

"किती दिवस?"

"जन्मभर घ्याव्या लागतील बहुतेक."

"मी बी बीपीची जन्मभर घेऊनच राह्यली ना," आई म्हणाली. उरलेली भाकर तिनं फडक्यात बांधली आणि माझ्या पिशवीत टाकली. "बसमध्ये खाजो."

मला बरं वाटलं असेल कदाचित. आठवत नाही. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली होती, एवढं आठवतं.

आईच्या गल्लीत गावात आरोग्याचं काम करणारी एक आशाताई राहते. आईनं संध्याकाळी नळावर तिला सहज सांगितलं, माझ्या पोरीच्या पांढऱ्या पेशी वाढल्या. आशाताईनं विचारलं, किती? आईला आकडा माहीत नव्हता, पण आशाताईनं आणखी दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाली, पोरीलाच नीट विचारा. सोमवारी सकाळी सहाला मी डबा भरत होते तेव्हा आईचा फोन आला.

"तू काल थे पांढऱ्या पेशी म्हनली. थो कॅन्सर असते का?"

"हो."

पलीकडे कोंबडा आरवत होता. "मंग तसं सांगावं ना," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

मी लॅबला गेले. साडेनऊच्या सुमारास काउंटरवरच्या ताई आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमचे मिस्टर आलेत. बाहेर बसलेत." मी दारातून बघितलं. नवरा पेशंटच्या बाकावर, दोन म्हाताऱ्यांच्या मधे, हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. माझ्यासमोर तीन सँपल होती. ती मी लावली. मग हातमोजे काढले, हात धुतले आणि बाहेर गेले.

"आई आल्या घरी," तो म्हणाला. "पिशवी घेऊन. मले म्हने, जवाई, तुमी कामावर काऊन चालले?"

मी त्याच्या शेजारी बसले. म्हातारा थोडा सरकला.

"बुधवारी कळलं तुले, ताई म्हनत होत्या."

"हो."

त्यानं बोटांवर दिवस मोजले. "बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शुक्रवारी आपण रंग पाहाले गेलतो."

"हो."

"तवा माहीत होतं तुले?"

"हो."

"अन् तू म्हनली, पांढरा नको, मळते."

शेजारचे दोघं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. नवऱ्यानं हेल्मेट उलटं करून त्यात तोंड घातलं. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती, शर्टाला घाम आला होता. याला घाईघाईत गाडी चालवून त्रास झाला असेल, असं माझ्या मनात आलं. माझ्यामुळं झाला असेल हे सुचायला मला पुष्कळ दिवस लागले.

मुलीला त्यानंच सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि क्लासला गेली. ती माझ्यावर गेली आहे, असं सगळे म्हणतात.

मंगळवारी नागपूरला आम्ही तिघं गेलो. नवरा, आई आणि मी. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. कमरेच्या हाडातून मज्जा काढायची होती. मला कुशीवर झोपवलं, भूल दिली, सुई आत गेली. ओढताना हाडाच्या आतून काहीतरी उपसल्यासारखं होतं, तेवढं दुखतं. माझं तोंड टेबलाच्या बाजूला होतं आणि तिथला टेक्निशियन घाईघाईनं स्लाइड ओढत होता. पहिली जाड ओढली त्यानं. दुसरीही जाड.

"थोडी पातळ घ्या," मी म्हटलं. "जाड झाली तर पेशी ओळखू नाही येणार."

तो दचकला. डॉक्टर थांबले. "मी लॅबमधलीच आहे," मी म्हटलं. तिसरी त्यानं चांगली ओढली.

जनुकाच्या तपासणीचा रिपोर्ट यायला दोन आठवडे लागले. आजार तोच निघाला, जो मी पहिल्या दिवशी काचेवर बघितला होता. डॉक्टर म्हणाले, "रक्ताच्या कॅन्सरमध्ये हा प्रकार हळू चालणारा. याच्यावर गोळी आहे, रोज एक, जेवणावर. नेमानं घेतली तर माणसं वर्षानुवर्षं जगतात. तुम्ही नशीबवान आहात."

मी थँक्यू म्हटलं. नवरा बाहेर व्हरांड्यात जाऊन रडला. आई त्याला म्हणाली, "जवाई, डाक्टर चांगलं बोलून राह्यले अन् तुमी रडता?" आणि मग स्वतःच पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. मी भिंतीवर बसचं वेळापत्रक शोधत होते. दवाखान्याच्या भिंतीवर बसचं वेळापत्रक कशाला असेल?

गोळी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात जेवण झालं की मळमळायचं. सकाळी डोळे सुजलेले असायचे, पोटऱ्यांत वांब यायचे, चालता चालता थांबावं लागायचं. आई राहिली. स्वयंपाकघर तिनं ताब्यात घेतलं, संध्याकाळी बुद्धवंदना मोठ्यानं म्हणायची, आणि मी गोळी खरंच गिळली का ते माझ्या तोंडाकडे बघून तपासायची. मी पुन्हा लॅबला जायला लागले तेव्हा ती हिंगणीला परतली. जाताना नाराज होती, कारण तिच्या मते मी अजून चांगली जेवत नव्हते.

दुसऱ्या महिन्यात पांढऱ्या पेशी आठ हजारांवर आल्या. लॅबमध्ये ताईंनी पेढे आणले. सर्व्हिसवाल्या भाऊंचा नागपूरहून फोन आला, त्यांना कोणी सांगितलं ठाऊक नाही. मॅडमनी मला जवळ घेतलं. मी पेढा खाल्ला. गोड होता. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी आणखी एक घेतला.

घरात तोवर वेगळंच वातावरण झालं होतं. कोणी मोठ्यानं बोलत नसे. नवरा टीव्ही लावायच्या आधी विचारायचा, "लावू का?" मुलगी जेवली की आपलं ताट घासून ठेवायची. मी एखादी गोष्ट विसरले तर दोघं एकमेकांकडे बघून ती गुपचूप करून टाकायचे. भाजीत मीठ जास्त पडलं तरी खायचे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं आणि बरंही वाटत नव्हतं. मी सकाळी उठत होते, काम करत होते, गोळी घेत होते, झोपत होते.

मे महिन्यात, मुलीची परीक्षा होऊन गेली होती, तेव्हा एके दिवशी मी लॅबमधून आले तर घरभर जळकट वास. मुलगी गॅसवर दूध ठेवून फोनवर बोलत गच्चीवर गेली होती. पातेलं काळं ठिक्कर. मी गॅस बंद केला आणि ओरडले. कितीतरी महिन्यांनी ओरडले. घर पेटलं असतं, अक्कल आहे का, त्या फोनमध्ये काय ठेवलंय, असं बरंच काही. ती जिन्यावरून धावत खाली आली. मला वाटलं, आता सॉरी म्हणेल, गेले चार महिने सगळे म्हणतात तसं.

"मग काय करू!" ती माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "घरात बोलायला कोण आहे? तू चार महिने बोलली नाहीस माझ्याशी! भाजी, डबा, गोळी, एवढंच! माझा पेपर कसा गेला ते तरी विचारलंस का एकदा?"

नवरा दाढीचा साबण तोंडाला लावलेला तसाच बाथरूमच्या दारात येऊन उभा राहिला.

मी विचारलं नव्हतं. खरंच विचारलं नव्हतं. मी खाली बसले आणि पातेलं घासायला घेतलं. ती रागानं उभी होती, मग तिनंही बसून दुसरी घासणी घेतली. तळाशी चिकटलेलं काही केल्या सुटेना.

"केमिस्ट्रीचा कसा गेला?" मी म्हटलं.

"आता काय विचारतेस? बेकार गेला."

आम्ही घासत राहिलो. नवरा तोंड धुवायला गेला. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "आई, तुला भीती नाही वाटत?"

"नाही."

"खरंच?"

"खरंच गं. काहीच वाटत नाही. वाटायला पाहिजे, माहीत आहे मला."

तिनं घासणी बाजूला ठेवली. "वाटली की सांगशील? बाबांना नाही. मला."

"सांगेन," मी म्हटलं. ते पातेलं शेवटी फेकावंच लागलं.

केमिस्ट्री बेकार जाऊनही तिला अमरावतीच्या कॉलेजात जागा मिळाली. जुलैत तिला होस्टेलला सोडून आलो. मग दिवाळीनंतर माझी तिमाही तपासणी होती. रिपोर्ट यायला दोन दिवस उशीर झाला होता. असा उशीर नेहमीचाच असतो, मी स्वतः लोकांना सांगते. दुपारी घरी होते, कोथिंबीर निवडत बसले होते. जुडीचा दोरा सोडला आणि अचानक माझे हात गार पडले. काडी धरता येईना. मनात फार काही नव्हतं. एवढंच होतं की मी मरू शकते. मी, इथं बसलेली. जानेवारीपासून ते मला माहीत होतं, मी ते टाइपसुद्धा केलं होतं, आणि ते मला आत्ता कळत होतं.

मुलीला फोन लावला. ती कुजबुजत बोलली, "आई, प्रॅक्टिकल चालू आहे. काय झालं?"

"वाटली," मी म्हटलं.

"काय वाटली?"

"भीती."

पलीकडे तिनं काचेचं काहीतरी खाली ठेवलं. मग, "थांब, बाहेर येते." खुर्ची सरकल्याचा आवाज, कोणीतरी तिला हाक मारली, दार, जिना, मग वारा. "हं. सांग आता."

मी सांगायला लागले. जानेवारीतल्या त्या बुधवारपासून. सर्व्हिसवाले भाऊ, स्क्रू, छताची ओल, तिच्या बाबांचं हेल्मेट. यातलं काहीच मी कोणाला सांगितलं नव्हतं. मध्ये मला रडू आलं, ते थांबेना, तर ती म्हणाली, "रड, नाहीतर नको रडू. फोन ठेवू नको फक्त." मी ठेवला नाही. पाऊण तास झाला असेल. कोथिंबीर पंख्याखाली सुकून गेली.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला आणि चांगला होता. तिला मात्र कॉलेजनं ते प्रॅक्टिकल पुन्हा करायला लावलं, शनिवारी, एकटीला.